‘फक्त घरगुती वापरासाठी’ : फुकट अँटीव्हायरस आणि आपल्या संस्था

ज्यांना एसटीच्या खडखडाटात नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा डेटा महिनाअखेरीस संपतो, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना दोन-तीन गोष्टी सुटल्या होत्या, त्या इथे भरून काढल्या आहेत.

विषय ऐकून काही जण म्हणाले, “अरे, अँटीव्हायरसचा कसला इतिहास? तोही फुकटच्या?” खरं सांगू, मलाही तो इतिहास आहे हे आधी माहीत नव्हतं. एका ओळीच्या मागे लागलो आणि थेट लाहोर, प्राग, पुणे असा फिरून परत यवतमाळ जिल्ह्यात आलो. ती ओळ कोणती, ते सांगतो.

पेनड्राइव्ह आणि चाळीस बायकांचे कागद

साल २०१३. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. मी कॉलेजात होतो. एमएस-सीआयटी झालेली, त्यामुळे गल्लीत ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’ अशी ओळख. गावात एक छोटी संस्था होती. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनचा वर्ग आणि आतल्या खोलीत कुणीतरी देणगी म्हणून दिलेला जुना संगणक. घरातल्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यानंतर मागे राहिलेल्या बायकांसाठी ही संस्था काम करायची. अर्ज भरणे, तहसीलच्या चकरा मारणे, पोरांच्या शाळेचं बघणे, असं सगळं.

एका दुपारी संस्थेच्या ताईंचा फोन आला. “काहून रे, हे सगळं असं काहून करून राह्यलं? फोल्डर दिसते, पण उघडतच नाई.”

मी गेलो. प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा एक शॉर्टकट आणि त्यावर तो छोटा वाकडा बाण. त्या काळात पेनड्राइव्ह वापरलेल्या सगळ्यांना हा बाण आठवत असेल. खऱ्या फायली कुठे गेलेल्या नसतात. व्हायरसने त्या लपवलेल्या असतात आणि त्यांच्या जागी फसवे शॉर्टकट ठेवलेले असतात. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस पुन्हा चालतो. काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ नावाची एक कमांड दिली की लपलेल्या फायली परत दिसायला लागतात. संगणकातल्या फायली मी तशा परत आणल्या.

पण पेनड्राइव्ह? तो माझ्याआधी एका दुकानात जाऊन आला होता. दुकानदाराने ‘व्हायरस काढून दिला’ होता, म्हणजे सरळ फॉरमॅट मारला होता. त्यात चाळीसेक बायकांचे स्कॅन केलेले कागद होते. सातबारा, मृत्यूचा दाखला, पंचनाम्याची प्रत, बँकेच्या कर्जाची नोटीस, रेशनकार्ड. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलेलं थेट पेनड्राइव्हवर घेतलं होतं. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मूळ कागद तर बायकांकडे असतीलच ना? काहींकडे होते. पण खेड्यावरून परत तालुक्याला यायचं म्हणजे बसचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी गेली. काहींचे कागद मात्र आधीच कुठल्यातरी कचेरीत जमा झाले होते आणि हातात फक्त तो स्कॅन उरला होता. त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं. नवरा कसा गेला, ते पुन्हा एकदा टेबलापलीकडच्या माणसाला सांगावं लागलं.

मी ताईंना म्हटलं, “काळजी करू नका, फुकटचं अँटीव्हायरस टाकून देतो.” इंटरनेटचा डोंगल लावला, अर्धा तास डाउनलोड केलं. इन्स्टॉल करताना नेहमीसारखी ती लांबलचक करारनाम्याची खिडकी आली. आपण कधी वाचतो का ती? त्या दिवशी डाउनलोडची वाट बघून कंटाळलो होतो म्हणून नजर फिरवली. त्यात लिहिलं होतं : हे सॉफ्टवेअर मोफत आहे, फक्त वैयक्तिक, घरगुती, विनाव्यवसाय वापरासाठी.

मी ताईंकडे बघितलं. संस्था विनाव्यवसाय तर नक्कीच होती. पण घर? संस्था घर कशी होणार?

हीच ती ओळ.

दोन कपाटं, एकच कायदा

त्याच महिन्यात यवतमाळच्या एका चर्चमध्ये मित्रासोबत गेलो होतो. पाळकसाहेबांनी ऑफिसात बोलावून हाच प्रश्न विचारला. चर्चच्या संगणकावर मंडळीतल्या कुटुंबांची यादी, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी, महिन्याचा जमाखर्च. “फुकटात काही मिळेल का? कमिटीसमोर खर्च ठेवायचा म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांनी अर्धवटच सोडलं.

बाहेरगावच्या ऐकणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, पण यवतमाळात चर्चचं काम जुनं आहे. फ्री मेथडिस्ट मिशनने इथे दवाखाना आणि शाळा चालवल्या. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी आज बिबवेवाडीला आहे, पण ती १९५३ मध्ये सुरू झाली आपल्या यवतमाळात आणि १९८३ साली पुण्याला गेली. म्हणजे इथल्या चर्चच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत.

चर्च आणि ताईंची संस्था, दोन्ही वेगळ्या जगातल्या वाटतात. पण कायद्याच्या नजरेत शेजारीशेजारी बसतात. महाराष्ट्राच्या १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली देऊळ, चर्च, अनाथाश्रम, शेतकऱ्यांसाठी काम करणारी संस्था, सगळ्यांची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. सगळे ‘सार्वजनिक न्यास’. आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या नजरेतही ते शेजारीच होते, कारण दोघंही ‘घर’ नव्हते आणि दोघंही धड ‘कंपनी’ नव्हते. ही मधली जागा कुणी विचारातच घेतली नव्हती. असं का झालं, ते बघायला थोडं मागे जाऊ.

१९८६

१९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रातली ही पहिली मोठ्या प्रमाणावर नोंद झालेली शेतकरी आत्महत्या मानली जाते. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १९ मार्चला अनेक जण अन्नत्याग करतात. पुढच्या वीस वर्षांत हा प्रश्न इतका वाढला की २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ त्यातलाच एक. सरकारी मदत, त्यासाठीचे कागद, ते जमवून देणाऱ्या छोट्या छोट्या संस्था, हे सगळं या इतिहासातून आलं. ताईंच्या संगणकातली यादी म्हणजे हाच इतिहास, नावनिशीवार.

त्याच १९८६ साली, तिकडे लाहोरमध्ये बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. भावांचं म्हणणं असं की आमचं सॉफ्टवेअर लोक चोरून कॉपी करतात, म्हणून आम्ही हे केलं. गंमत म्हणजे त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा टाकला होता. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो जगभर गेला.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण सत्तावीस वर्षांनी पत्र्याच्या त्या खोलीत दोन्ही एकाच टेबलावर आल्या.

घरी फुकट, ऑफिसात पैसे

व्हायरस आले तसे त्यांना पकडणारेही आले. अमेरिकेत जॉन मॅकॅफी याने १९८७ मध्ये कंपनी काढली. तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट नव्हतं. फोनलाइनवरून जोडली जाणारी ‘बुलेटिन बोर्ड’ होती. त्याने आपलं अँटीव्हायरस तिथे ठेवून दिलं. घ्या, वापरा, मित्राला द्या. पण कंपनीत वापरायचं असेल तर परवाना विकत घ्या.

यातली चलाखी बघा. माणूस घरी फुकट वापरतो, त्याला सवय लागते, मग तो ऑफिसात साहेबाला सांगतो, “हेच घेऊ.” घर म्हणजे जाहिरात आणि ऑफिस म्हणजे गिऱ्हाईक.

पुढे युरोपातल्या कंपन्यांनी हीच वाट धरली. प्रागमध्ये पावेल बाउडिश आणि एदुआर्द कुचेरा यांनी १९८८ मध्ये काम सुरू केलं, त्यातून ‘अवास्ट’ उभं राहिलं. २००१ मध्ये त्यांनी घरगुती आवृत्ती फुकट करून टाकली. ब्रनो शहरातल्या ‘एव्हीजी’ने आणि जर्मनीच्या ‘अविरा’नेही घरासाठी फुकट आवृत्त्या दिल्या. आपल्याकडे २००५ ते २०१५ या काळात ज्यांनी संगणक शिकला, त्यांना ही तिन्ही नावं आणि कोपऱ्यातलं ते छत्रीचं चित्र तोंडपाठ असेल.

म्हणजे ती ओळ कुणी दुष्टपणे लिहिलेली नव्हती. अख्खा धंदाच त्या ओळीवर उभा होता. जगाचे दोन भाग केले, घर आणि धंदा. देऊळ, चर्च, बचतगट, वाचनालय, शेतकऱ्यांची संस्था यांच्यासाठी तिसरा भाग केलाच नाही. आपण मात्र ‘विनाव्यवसाय’ हा शब्द वाचायचो आणि ‘घरगुती’ हा शब्द वगळायचो.

पुण्याचं खोकं

आता आपल्या मातीतली गोष्ट. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर. शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम शिकले, मग स्वतःचं दुकान टाकलं आणि हळूहळू संगणक दुरुस्तीकडे वळले. १९९३ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही फर्म सुरू झाली. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच मशीनचा आजार एकच होता, व्हायरस. संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. २००७ मध्ये कंपनीचं नावच क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

आपल्याकडे अँटीव्हायरस म्हणजे ‘दुकानातून आणायचं खोकं, आत सीडी आणि एक वर्षाची की’ अशी जी समजूत आहे, ती अशा देशी कंपन्यांनी घडवलेली. तालुक्यातला दुरुस्तीवाला मशीन साफ करायचा आणि जाताजाता खोकं विकायचा. मराठीत बोलणारा माणूस समोर असायचा, अडलं तर त्याला फोन करता यायचा. मला वाटतं, बऱ्याच ठिकाणी हे फुकटच्यापेक्षा बरं होतं.

मग ताईंनी ते खोकं का नाही घेतलं? वर्षाला फार मोठी रक्कम नव्हती. अडचण वेगळीच होती. देणगीदार शिलाई मशीनला पैसे देतो, पोरांच्या दप्तरांना देतो. अँटीव्हायरसला कोण देणार? त्याचा फोटो काढता येत नाही. हिशेबात तो ‘प्रशासकीय खर्च’ आणि प्रशासकीय खर्च म्हटलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना तर प्रशासनावर ५० टक्क्यांऐवजी जास्तीत जास्त २० टक्केच खर्च करता येतो. पगार, वीजबिल, ऑडिट, सगळं त्यातच. छोट्या संस्थेत कात्री सगळ्यात आधी कशाला लागते, हे वेगळं सांगायला नको.

उघडं दार, पण आपलीच किल्ली चुकीची

मी त्या दिवशी इन्स्टॉलेशन रद्द केलं आणि शोधायला बसलो. एक दार सापडलं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी एसेन्शिअल्स’ नावाचं फुकट अँटीव्हायरस काढलं होतं आणि २०१०च्या ऑक्टोबरपासून ते छोट्या व्यवसायांनाही १० संगणकांपर्यंत वापरता येत होतं. म्हटलं, झालं काम!

पण एक अट होती. विंडोज अस्सल पाहिजे.

आमचं विंडोज? मशीन देणगी म्हणून आलेलं, त्यावर कुणीतरी कॉपी केलेलं एक्सपी टाकलेलं. मराठी टायपिंगसाठीचा फॉन्टसुद्धा क्रॅक केलेला. आता हा क्रॅक कसा टाकतात, ते आठवा. सोबत एक नोटपॅडची फाइल यायची आणि त्यात पहिलीच सूचना असायची, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’. आपण बंद करायचो! चोराने सांगितलं कुलूप काढा आणि आपण काढलं. लाहोरच्या त्या भावांची गोष्टही कॉपी केलेल्या सॉफ्टवेअरपासूनच सुरू झाली होती, हे मला तेव्हा कळलं असतं तर हसू आलं असतं.

त्यात पेनड्राइव्ह. लावला की आपोआप चालायला लागण्याची सोय ‘ऑटोरन’ने केली होती आणि व्हायरस तिच्यावरच स्वार व्हायचे. २००८च्या शेवटी आलेला ‘कॉनफिकर’ याच वाटेनेही पसरला. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये अपडेट देऊन जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. पण कॉपी केलेल्या विंडोजवर अपडेट बंदच ठेवलेले, ‘नाहीतर काळा स्क्रीन येईल’ म्हणून. झेरॉक्सचं दुकान, सायबर कॅफे, संस्थेचं ऑफिस, शाळा, परत झेरॉक्सचं दुकान. व्हायरसची ही एसटी रोज वेळेवर धावत होती.

फुकटचे पैसे कोण भरत होतं?

आता थोडं पुढे येऊ. जानेवारी २०२०. दोन अमेरिकी माध्यमांनी मिळून बातमी दिली की अवास्ट आपल्या वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा डेटा ‘जंपशॉट’ नावाच्या उपकंपनीमार्फत विकत होतं. कोण कुठल्या वेबसाइटवर गेलं, काय शोधलं. बातमी आल्यावर काही दिवसांत जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातीसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. कमिशनच्या म्हणण्यानुसार हा डेटा १००हून अधिक कंपन्यांना विकला गेला होता.

हे वाचलं तेव्हा मला ताईंचं टेबल आठवलं. समजा एखाद्या संस्थेच्या संगणकावरून कुणी आजाराची माहिती शोधतंय, कुणी सावकाराविरुद्ध तक्रार कशी करायची ते शोधतंय, कुणी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल वकील शोधतंय. राखणदार म्हणून ठेवलेल्या सॉफ्टवेअरनेच ते टिपून घेतलं तर? घरातल्या माणसाने स्वतःचा डेटा देऊन फुकट सॉफ्टवेअर घेतलं, तर तो त्याचा सौदा. संस्थेकडे असलेला डेटा संस्थेचा नसतोच. तो त्या बायकांचा असतो. विश्वस्त त्याचे फक्त राखणदार. आता तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो : ज्याच्याकडे लोकांची माहिती आहे, त्याने ती सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घेतली पाहिजे.

म्हणून मला वाटतं, संस्थेने ‘फुकट मिळतंय का?’ याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे आम्हाला वापरायची परवानगी आहे का? आणि आमच्याऐवजी पैसे कोण भरतंय?

मग आज काय आहे?

बरंच काही आहे, आणि सरळ मार्गाने.

पहिलं, जे तुमच्याकडे आधीपासून आहे ते. २०१२च्या विंडोज ८पासून मायक्रोसॉफ्टने अँटीव्हायरस विंडोजच्या आतच बसवलं. आजच्या विंडोज ११मधलं डिफेंडर तेच. वेगळा परवाना नाही, ‘घरगुती’ची अट नाही. विंडोज अस्सल असेल तर चर्च असो, बचतगट असो की कंपनी, ते वापरता येतं. बहुतेक छोट्या संस्थांचा शोध इथेच संपतो. फक्त ते चालू आहे का आणि अपडेट होतंय का, एवढं बघायचं. मात्र विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यावरच्या डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख २०२८पर्यंत मिळत राहणार आहे, पण खुद्द विंडोजची भोकं बुजवली जाणार नसतील तर दाराला कुलूप आणि खिडकी उघडी, असं होतं.

दुसरं, नोंदणीकृत संस्थांसाठीच्या योजना. अमेरिकेत १९८७ मध्ये सुरू झालेली ‘टेकसूप’ ही संस्था मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर संस्थांना दान म्हणून किंवा नाममात्र शुल्कात मिळवून देते. भारतात हे काम नॅसकॉम फाउंडेशनसोबत सुरू झालं. नोंदणीचा दाखला आणि संस्थेचे कागद लागतात. प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या. निव्वळ धार्मिक काम करणाऱ्या संस्थेला काही जण नाही म्हणतात. चर्चचा दवाखाना किंवा वसतिगृह वेगळ्या नोंदणीखाली असेल, तर त्याच्यासाठी अर्ज करून बघता येतो.

तिसरं, मुक्त सॉफ्टवेअर. पोलंडच्या तोमाश कोइम याने सुरू केलेलं ‘क्लॅमएव्ही’ २००२पासून आहे. त्याचा परवाना घर, ऑफिस, चर्च असा भेद करत नाही. विंडोजवर ते नेहमीच्या अँटीव्हायरससारखा सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हा तपासतं. त्यामुळे बाहेरून आलेला पेनड्राइव्ह तपासायला उपयोगी, पण एकमेव राखणदार म्हणून पुरेसं नाही.

चौथं, सरकारी. ‘सर्ट-इन’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. व्हायरस लागल्यावर साफ करायची साधनं तिथे फुकट मिळतात. ती बनवणाऱ्यांमध्ये आपलं पुण्याचं क्विक हील आणि मुंबईचं ‘ई-स्कॅन’ही आहे. पेनड्राइव्हला आवर घालणारं ‘यूएसबी प्रतिरोध’ही तिथेच.

आणि पाचवं, तुमच्या हातातला फोन. आज संस्थेच्या याद्या कुठे असतात? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर! लग्नपत्रिकेच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाइल म्हणजे आजचा शॉर्टकट व्हायरस. ॲप प्ले स्टोअरवरून घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडायची नाही. याला कुठलंही अँटीव्हायरस लागत नाही.

अँटीव्हायरस जे करू शकत नाही

१२ मे २०१७ला ‘वॉनाक्राय’ने जगभरातले दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. जवळजवळ दोन महिने हातात होते. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ती जगातल्या बड्या शिपिंग कंपनीची यंत्रणा होती. त्यांच्याकडे अँटीव्हायरस घ्यायला पैसे नव्हते, असं तर कुणी म्हणणार नाही.

सांगायचं काय, तर ताईंचं नुकसान व्हायरसने केलंच नव्हतं. फायली जागेवरच होत्या, फक्त लपलेल्या. नुकसान केलं दोन गोष्टींनी : दुसरी प्रत नव्हती आणि घाईत फॉरमॅट मारला गेला. त्या दिवशी जगातलं सगळ्यात महागडं अँटीव्हायरस असतं, तरी पेनड्राइव्ह हरवला असता, भिजला असता, तर तेच झालं असतं.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगतो. आधी वर्गणी काढून एक सेकंडहँड मशीन घेतलं, अस्सल विंडोजवालं. क्रॅक केलेला फॉन्ट काढून टाकला आणि युनिकोडमध्ये टाइप करायला शिकलो. त्यात ताईंचे दोन महिने चिडचिड करण्यात गेले, ते सोडा. आतलंच अँटीव्हायरस चालू ठेवलं. आणि दोन हार्डडिस्क घेतल्या. एक संस्थेच्या कपाटात आणि दुसरी गावातच दुसऱ्या एका विश्वस्ताच्या घरी. दर शनिवारी अदलाबदल. अख्ख्या उद्योगात खरा खर्च झाला तो या हार्डडिस्कवर. ताईंनी मीटिंगच्या वहीत ठराव लिहिला : संगणकाची जबाबदारी अमुक व्यक्तीची, बॅकअप दर शनिवारी. खाली सगळ्यांच्या सह्या.

पाळकसाहेबांनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे रजिस्टर दोन ठेवायची. हे तर आम्ही कागदावर करतच होतो.”

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या ओळखीची एखादी संस्था असेल, मंडळ असेल, चर्च असेल, वाचनालय असेल. तिथे जा आणि तीन गोष्टी विचारा. विंडोज अस्सल आहे का आणि अपडेट होतंय का? अँटीव्हायरसच्या परवान्यात संस्था बसते का? आणि हा संगणक आज रात्री जळाला, तर यादी दुसरीकडे कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिले दोन सोडा, आधी एक हार्डडिस्क घेऊन द्या. वाढदिवसाला केक कापण्यापेक्षा ते बरं.

ताईंची संस्था अजून चालू आहे. यादी वाढलीच आहे, ती वाढू नये असं सगळ्यांनाच वाटतं. पण जी नावं आहेत, ती सगळी आहेत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!